आतल्या थरातली रेघ

रेघ कागदावर उतरली तेव्हा मी सही करून, शिक्का मारून मोकळा झालो होतो. 'वैमानिकाच्या समोरची काच, डावी बाजू. आतल्या थरात तडा, खालच्या कोपऱ्याजवळ. काच बदलल्याशिवाय उड्डाण नाही.' एवढं लिहून शाई वाळावी म्हणून मी फॉर्म हँगरच्या दारातून येणाऱ्या उन्हात धरला, आणि माझ्या सहीखाली तीच रेघ. पुसट, चकाकती, शेवटाला किंचित वाकलेली. काचेत पाहिली होती तशीच्या तशी. मी कागद हलवला. रेघ हलली नाही. मान हलवली, तर रेघ माझ्याबरोबर आली. कागदाला तडा जात नाही हे कळायला एकतीस वर्षांचा अनुभव लागत नाही, तरी मी वेड्यासारखं त्या जागेवरून नख फिरवलं. मग चष्मा काढला. रेघ गेली. चष्मा लावला. रेघ आली. तिकडे एकशे चाळीस माणसं जिद्दाला जायच्या तयारीनं बसून होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एक धडधाकट विमान जमिनीवर बसवलं होतं.

चूक कशी झाली ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ती निव्वळ मूर्खपणाची वाटेल. काचेवरचा ओरखडा पाहिला की आम्ही आधी नख फिरवतो. नख अडकलं, तर ओरखडा वरचा. मग खोली मोजायची, तक्त्यात बघायचं, मर्यादेत असेल तर विमान सोडायचं. नख अडकलंच नाही, तर मात्र प्रकरण गंभीर, कारण पुढची काच एकसंध नसते. तीन थर असतात, मध्ये पारदर्शक चिकट पापुद्रा. वरून हाताला लागत नाही आणि डोळ्यांना दिसतं, म्हणजे ते आतल्या थरात आहे, आणि आतल्या थराला माफी नाही. सकाळी मी शिडीवर उभा राहून टॉर्च तिरका धरला, रेघ दिसली, नख फिरवलं, काही लागलं नाही. झालं! जितकं लागेना तितकी माझी खात्री वाढत गेली. शिकाऊ पोरांना मी पहिल्या दिवशी बजावतो, की बाबांनो, दोन पावलं बाजूला होऊन पुन्हा बघा. मी स्वतः झालो नाही. चाळीस दिवसांनी कामावर आलो होतो, आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच कुठेतरी तडकलोय. त्यांना दाखवून द्यायचं होतं, की या अबू रामिझची नजर अजून शाबूत आहे.

चष्मा माझा नव्हता. माझ्या चष्म्याच्या दांडीवर आतून माझा शिक्क्याचा नंबर कोरलाय, सदतीस. या दांडीवर काही नव्हतं. हा विदादचा, माझ्या बायकोचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं खाली बाजारात चष्मेवाल्याकडे गेलो, तर दोघांचा जवळचा नंबर एकच निघाला. "चला, तीस वर्षांत एका गोष्टीवर तरी आपलं एकमत झालं," असं ती त्या चष्मेवाल्यासमोर म्हणाली आणि मुद्दाम माझ्यासारखीच काळी जाड फ्रेम घेतली. मी म्हटलं, बाईला शोभत नाही. ती म्हणाली, "तुम्हाला तरी कुठे शोभतेय?" परवा तिचा चाळिसावा झाला. परत जाताना आमच्या मुलीनं, लमीसनं घर आवरलं आणि दोन्ही चष्मे दाराजवळच्या पितळी तबकात शेजारी शेजारी ठेवले, लेकरानं प्रेमानंच ठेवले. सकाळी मी घाईत हाताला लागला तो उचलला.

मी हँगरच्या मागच्या पायरीवर जाऊन बसलो आणि खिशातलं भिंग काढलं. खरं तर आधी आत जाऊन विमान सोडायला हवं होतं. पण हाताला सवय झालीय. ओरखडा दिसला की तो वाचायचा. डाव्या काचेच्या खालच्या भागात एक मोठी रेघ, तिच्याजवळ खरखरीत जागा, आणि फ्रेमच्या कोपऱ्यावर पांढुरकी घासण. घासणीच्या खाचेत बारीक पिवळट भुकटी. ती भुकटी मी ओळखली. अम्मानमध्ये जन्मलेल्या कुणालाही ओळखू येईल, आमच्या जिन्यांचा दगड तसाच झिजतो. चष्मा हातातून पडला तर काच चेपते किंवा एक टवका उडतो. तो असा घासत जात नाही. चेहऱ्यावर असताना, माणसाच्या वजनासकट दगडावरून गेला, तरच अशी रेघ ओढली जाते. शेवटाला ती वाकली होती, कारण तिथे तिनं मान वळवली होती. आणि रेघ नवी नव्हती. नव्या ओरखड्याच्या कडा धारदार असतात. या कडा पुसून पुसून मऊ झाल्या होत्या, आत साबणाचा थर बसला होता. विदाद चष्मा डोक्यावरच्या ओढणीच्या टोकानं पुसायची, दिवसातून दहा वेळा. कडा एवढ्या मऊ व्हायला किती दिवस लागतील ते मी मनात मोजलं, वर हे चाळीस दिवस धरले. तीन महिने. म्हणजे रमजान.

मी भिंग खिशात टाकलं. हेच मला दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा दवाखान्यात, ती जायच्या नऊ दिवस आधी. तिचं डोकं दुखायचं, सकाळी जास्त. डॉक्टरीणबाई तरुण होती, हळू बोलायची. तिनं विदादला विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठे पडला होतात का? डोक्याला थोडासाही मार?" आणि विदादनं तोंड उघडायच्या आत मी बोललो. "छे! पडली असती तर मला कळलं असतं. माझं कामच ते आहे, बाई." किती ऐटीत बोललो मी! वर माझ्या कामाबद्दल दोन वाक्यं सुनावलीसुद्धा. विदादनं माझ्याकडे पाहिलं. मग ओढणी सारखी केली आणि डॉक्टरीणबाईला हसून म्हणाली, "यांच्या नजरेतून काही सुटत नाही." डॉक्टरीणबाईनं डोकेदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्यांदा विचारलं ते मोठ्या इस्पितळात, ती स्वयंपाकघरात कोसळल्यावर. डोक्यात रक्त साचलंय म्हणाले, हळूहळू साचलेलं, जुन्या माराचं. आधी कळलं असतं तर छोटंसं भोक पाडून काढतात, चार दिवसांत माणूस घरी येतो. काही आठवतं का? मी पुन्हा म्हणालो, नाही. आणि पुढे चाळीस दिवस, शोकाला आलेल्या प्रत्येकाला कडू कॉफीच्या घोटाबरोबर ऐकवत राहिलो, की डॉक्टर गाढव आहेत, जुना मार म्हणे, माझी बायको पडली आणि मला कळलं नाही, असं होईल का? लोक मान हलवायचे. कोण कशाला नाही म्हणेल?

"अबू रामिझ! इथे काय करताय?" दारात रिहाम उभी. ती माझ्या हाताखाली तयार झाली, आता स्वतःचा शिक्का आहे तिचा. दुसरी तपासणी तिची असते, आणि नियम असा की पहिल्यानं काय पाहिलं ते दुसऱ्यानं विचारायचं नाही. पण पोरगी भलती चौकस. सफाईवाल्यांना विचारील, वैमानिकांना विचारील, काही वेगळा आवाज आला का, कधी आला. मी तिला नेहमी टोकायचो, "विचारून काय मिळतं गं? माणसं खोटं बोलतात, विसरतात. काच नाही बोलत खोटं. डोळे कशाला दिलेत अल्लाहनं?" तिचं उत्तर ठरलेलं, "आणि जीभ कशाला दिलीय, अबू रामिझ?" आत्ता ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "प्रिझम लावून पाहिलं, आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं. मला डोंबल काही दिसत नाहीये. तुम्ही मला वेड लावणार आहात का? एकदा दाखवा तरी, नियम गेला खड्ड्यात."

मी तिला चष्मा दिला. तिनं तो उन्हात धरला, तिरका केला. मीच शिकवलेलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिचं तोंड एकदम लहान पोरीसारखं झालं. "हा काकूंचा?" मी मान हलवली. ती शेजारी बसली. मग म्हणाली, "होतं असं. कुणाचंही होईल. मी लिहिते, की दोघांनी पुन्हा तपासलं, काच ठीक आहे. तुम्ही पहिला फॉर्म माझ्याकडे द्या, कुणाला कळायचं नाही. आणि चष्मा पण द्या, पॉलिशच्या टेबलावर पाच मिनिटांचं काम. रेघ निघून जाईल."

"हात लावू नकोस त्याला!" मी इतक्या जोरात ओरडलो, की आतली माणसं थांबली. रिहामनं चष्मा माझ्या मांडीवर ठेवला, जपून, काचा वर करून. मी तिची माफी मागितली. मग आत गेलो आणि फॉर्म समोर घेतला. आमच्याकडे लिहिलेलं खोडून काळं करता येत नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि पुन्हा सही. मी रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'काचेत दोष नाही. दोष तपासनिसाच्या चष्म्यात होता. तपासनिसानं खात्री करून घेतली नाही.' हँगरचा साहेब वाचून म्हणाला, "अरे माणसा, एवढं कशाला लिहितोस? दोष नाही एवढं पुरे." मी म्हटलं, राहू दे. आणि शिक्का मारला. जिद्दाचं विमान दोन तास उशिरानं सुटलं. मी ते वर जाताना पाहिलं नाही, एरवी पाहतो.

घरी जायच्या बसमध्ये मला कतायेफ आठवले, रमजानात सारण भरून तळतात त्या छोट्या गोल पोळ्या. आठवले म्हणजे काय, नाकात वासच आला, भाजलेल्या पिठाचा आणि दालचिनीचा. रमजानचा तिसरा आठवडा असेल. सूर्य मावळायला अर्धा तास होता, आणि विदाद खालच्या बाजारातून पिशवी घेऊन आली, उशीर करून आली. मी उपासानं चिडचिडलेला. पिशवी उघडली तर अर्धे कतायेफ फाटलेले, एकमेकांना चिकटलेले. मी एकेक उचलून दिव्याकडे धरून पाहिला, होय, धरून पाहिला, आणि म्हटलं, "कडा फुटल्यात याच्या. कुणाकडून घेतलेस? सारण बाहेर येईल तळताना." ती मोरीशी उभी राहून हात धूत होती, माझ्याकडे पाठ करून. बराच वेळ धूत होती. म्हणाली, "मर्यादेत आहेत, अबू रामिझ. खाऊन टाका." मी हसलो. हा तिचा नेहमीचा टोमणा. चहाचे ग्लास मी उजेडाकडे धरून कडा तपासायचो, टवका दिसला की बाजूला काढायचो, आणि ती म्हणायची, "अहो, चहा प्यायचाय त्यातून, उडवायचा नाहीये." लग्नाआधी आईबरोबर तिला बघायला गेलो, तेव्हा मी म्हणे तिच्याकडे सोडून तिच्यामागच्या खिडकीकडे बघत होतो. खिडकीला खरंच तडा होता. ती गोष्ट तिनं आयुष्यभर प्रत्येक पाहुण्याला सांगितली, माझी नक्कल करून, मान तिरकी करून. त्या संध्याकाळी ती जेवायला बसली तेव्हा चष्मा लावला नव्हता. डोळे चुरचुरतायत म्हणाली. ओढणी कपाळावर नेहमीपेक्षा खाली होती. हे सगळं मी पाहिलेलं होतं. पाहिलेलं नसतं तर आज आठवलं कसं? पाहिलं आणि कतायेफ मोजत बसलो. फाटलेले अकरा होते.

बाजारातून आमच्या घराकडे चढणारा जिना एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्यांचा आहे. मी बसमधून उतरून खालून सुरुवात केली, आणि पायऱ्या बघत बघत चढलो, वाकून, टॉर्च तिरका धरून, भर चारच्या उन्हात. लोक बघत होते, बघू देत. तीन महिन्यांनंतर दगडावर काय राहणार? हजार चपला गेल्या असतील तिथून. तरी प्रत्येक पायरीची कड पाहिली. तिसऱ्या वळणावर उम्म निदाल दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर परात, आणि कूसासाठी कोवळे दुधी पोखरत होती, आत सारण भरायला. निदालची आई, विदादची तीस वर्षांची मैत्रीण. विदादचा बाजार या दाराशी अर्धा तास थांबल्याशिवाय पुरा व्हायचा नाही. शोकाच्या तिन्ही दिवशी बाईनं बायकांच्या खोलीत चूल सांभाळली होती, पण माझ्यासमोर एकदाही आली नव्हती. तेव्हा मला वाटलं, संकोच असेल.

"काय हरवलं, अबू रामिझ?" तिनं विचारलं.

मी खिशातून चष्मा काढून तिच्यासमोर धरला.  तिनं हातातला दुधी परातीत ठेवला आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"यानं."

"बसा." तिनं आत हात घालून दुसरी खुर्ची ओढली. "तुमच्या पायाखालच्याच पायरीवर. पिशवी एका हातात, उपास, चक्कर आली म्हणाली. तोंडावरच पडली हो. मी धावले. कपाळाला एवढंसं टेंगूळ, रक्त नाही काही नाही. या इथे बसवलं तिला, पाणी देऊ केलं तर घेईना, उपास मोडेल म्हणे. आणि पहिल्यांदा काय म्हणाली माहितीये? म्हणाली, अबू रामिझना कळू देऊ नकोस. ते माझ्यावर टॉर्च घेऊन बसतील आणि ईदपर्यंत मला जमिनीवरून उठू देणार नाहीत. आम्ही दोघी हसलो. वल्लाह, हसलो आम्ही! निदालच्या डोक्याची शपथ घातली तिनं मला."

"शपथ," मी म्हटलं.  मला तिचा राग यायला हवा होता. तो येतोय का, याची मी वाट पाहत होतो.

"मी सांगितलं होतं तिला, नंतर डोकं दुखायला लागलं तेव्हा. तू डॉक्टरकडे जा आणि खरं सांग. ती गेलीसुद्धा. येताना इथे थांबली." उम्म निदाल ओढणीच्या टोकानं नाक पुसायला लागली. "मी विचारलं, सांगितलंस ना? तर म्हणाली, कशी सांगू, त्याआधी यांनीच सांगून टाकलं. इतकं छाती फुगवून सांगितलं, की पडली असती तर आपल्याला कळलं असतं. परक्या बाईसमोर नवऱ्याला खोटं पाडू? मी म्हटलं, मग घरी सांग. म्हणाली, सांगेन की. ते एकदा विचारू देत. मी स्वतःहून सांगितलं, तर आपल्याला दिसलं कसं नाही याच्यानंच झुरत बसतील. त्यांनी विचारलं की सांगेन."

"मग?"

"मग काय? रोज जाता-येता मी विचारायची. विचारलं का गं त्यांनी? ती हात हलवायची. अजून नाही." उम्म निदाल आता उघडपणे रडत होती. "नऊ दिवस हो, अबू रामिझ."

नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मी तिला काय काय विचारलं असेल! मीठ कुठे आहे, लमीसचा फोन आला का, माझे निळे मोजे धुतले का. सकाळी डोकं धरून ती पलंगाच्या कडेला बसायची तेव्हा मी दारातून तिच्याकडे नीट बघायचो, रंग बघायचो, डोळे बघायचो, चाल बघायची म्हणून मुद्दाम पाणी आणायला सांगायचो. आणि ठरवायचो, ठीक आहे. ती ग्लास घेऊन यायची आणि माझ्यासमोर क्षणभर उभी राहायची. आता कळतंय ती का उभी राहायची. मी ग्लास घ्यायचो, आणि सवयीनं त्याची कड बघायचो.

ऊन जिन्यावरून वर सरकलं होतं. कुठल्याशा घरातून कांदा तळल्याचा वास येत होता. मी खुर्चीवरून उठलो आणि त्या पायरीवर बसलो. दगड ऊन होता. चष्मा डोळ्यांवर चढवला, तिचा, आणि खालच्या कोपऱ्यात ती रेघ आली, शेवटाला वाकलेली. हात टेकवायला जागा शोधली, जिथे तिनं टेकवला असेल तिथे. उम्म निदाल म्हणाली, "उठा हो, लोक बघतायत." मी उठलो नाही. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं, तीन महिन्यांपासून माझ्या जिभेच्या टोकाशी असायला हवं होतं ते. मोठ्यानं विचारलं मी, त्या जिन्याला, की वरच्या पायऱ्यांवरून पिशवी घेऊन चढणाऱ्या कुणालातरी, मला माहीत नाही.

"विदाद, पडलीस का गं कुठे?"